ऑर्फाची साधी बंदूक

टेनेसीच्या डोंगरातल्या एका वस्तीवर ब्लॅकवूड नावाच्या बड्या कर्नलचा शब्द चालायचा. हिवाळ्यासाठी वस्तीचे शिकारी तोच निवडायचा आणि निवडलेल्यांनाच बंदुकीची दारू मिळायची. त्या वर्षी ऑर्फा नावाची एक विधवाही त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. दारू मिळाली नसती, तर तिच्या मुलींना सगळा हिवाळा नुसत्या मक्यावर काढावा लागला असता.

तिच्या हातात वडिलांनी घडवलेली ठासणीची लांब बंदूक होती. लोखंडी नळी आणि मेपलचं लाकूड, त्यावर नक्षीची एक रेघही नव्हती. पण हात फिरून फिरून ते लाकूड असं गुळगुळीत झालं होतं, की बंदूक खांद्याला लावली की ऑर्फाला वडील जवळ असल्यासारखं वाटायचं.

कर्नल खो खो हसला. "बाई, ही बंदूक आहे की कुंपणाचा दांडा?" त्यानं आपली बंदूक उंच धरली. तिच्या दस्त्यावर चांदीची हरणं धावत होती. "एक तरी हरीण आहे का तुझ्या बंदुकीवर?"

ऑर्फाचे कान तापले, पण आवाज चढला नाही.

"नाही, कर्नलसाहेब. माझ्या बंदुकीची हरणं चुलीवर गेली. तुमची मात्र अजून बंदुकीवरच धावतायत."

सगळी वस्ती हसली. कर्नल आधी लालबुंद झाला, मग त्याच्या मिशीखालीही हसू फुटलं. त्यानं स्वतःच्या हातानं तिला पिशवी भरून दारू दिली.

"एखादं आमच्याही चुलीवर येऊ दे, बाई," तो हळूच म्हणाला. "ही चांदीची काही शिजत नाहीत."