नागपूर ते टोरांटो, हवाई अंतर

"कितीक दूर हाय रे बापा, हे तुहं टोरांटो?" आक्कांनी विचारलं.

झालं! निशिकांत वानखडेची कळी खुलली. विमान कंपनीत मार्ग आखायचं काम करतो हा. आमच्या रिद्धपूरच्या आश्रमात महिन्यातून एकदा येतो, आक्कांना गुरू मानतो, आणि त्यांनाच चार गोष्टी शिकवून जातो.

"नागपूरहून साडेबारा हजार किलोमीटर, आक्का. तेही हवाई अंतर. नकाशावर सरळ रेघ मारली तर जास्त भरतं. ध्रुवाच्या अंगानं वर वळून गेलं की कमी पडतं. लोकांना हे कळतच नाही."

"अन् तू कितीदा गेला?"

निशिकांतनं शेजारची पिशवी उगाच मांडीवर घेतली.

मी तिथंच तांदूळ निवडत बसलो होतो. खरं सांगतो, आक्कांचा मला रागच आला. घटस्फोट होऊन निशिकांतची बायको लेकीला, ऋजुताला घेऊन तिकडे गेली, त्याला चार वर्षं झाली. तीनदा यानं तिकीट काढलं आणि तीनदा रद्द केलं, हे आश्रमात कोणाला ठाऊक नव्हतं?

"भीती वाटते, आक्का. ऋजुतानं ओळखलंच नाही तर? मी दारात उभा, आणि ती आईला विचारतेय, हे कोण..." त्यानं पिशवीचा बंद सोडला. "रोज आठवण येते हो. जेवताना तर घास उतरत नाही. ही ओढ एकदाची जाऊ द्या."

त्यानं पिशवीतून पुडकं काढलं. लेकीसाठी घेतलेल्या चपला. दुसऱ्या दिवशी कुरिअरनं पाठवायच्या होत्या. आक्कांनी वरून हात फिरवावा, एवढंच त्याचं मागणं.

आक्कांनी एक चप्पल हातात घेतली. लाल गोंड्याची, तळहातात मावेल एवढी.

"पोरगी आता कितव्या वर्षात?"

"नववं लागलं."

"अन् हे माप?"

"माझ्या लक्षात होतं तेच..." बोलता बोलता तो थांबला. ती चप्पल त्यालाही आत्ताच दिसली असावी.

"आता केवढं झालं असंन तिचं पाऊल? दाखव बरं."

निशिकांतनं अंगठा आणि मधलं बोट ताणलं. मग आणखी थोडं ताणलं. पुन्हा आत घेतलं. हात तसाच हवेत राहिला. एवढा आकड्यांचा माणूस, पण हुंदके देऊन रडला.

मी ताट बाजूला सारलं.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले. "मोठ्या घेतो, आक्का. दोन-तीन मापांच्या घेतो, एखादी तरी बसेलच. आणि मग पाठवतो."

आक्कांनी चपला स्वतःजवळ ठेवून घेतल्या.

"काही घेऊ नको. रिकाम्या हातानं जाय. तिथल्या दुकानात तिच्यापुढं खाली बस. ती पाऊल तुह्या हातात देत नाही, तोवर उठू नको."