चिठ्ठीत नव्हतं

एका गावात गाड्या बनवणारे तिघे एकत्र काम करत. सुतार, लोहार आणि परगावाहून आलेला कारकून. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते कारकुनानेच, अशी तिथली रीत. तो चिठ्ठी लिहून खुंटीला अडकवी आणि बाकीचे दोघे चिठ्ठीबरहुकूम काम करत. जास्त विचारणं म्हणजे नसती उठाठेव, असं त्यांचं मत.

एकदा म्हातारी कुंभारीण आली. म्हणाली, "बाबा, संक्रांतीची सुगडं पाठीवर लादून नेते, तर निम्मी वाटेतच फुटतात. गाडी करून द्या. एकदा संक्रांत गेली की सुगडाला कोण विचारतंय? वर्षाची भाकरी त्यावरच आहे माझी."

कारकुनाने लिहिलं, 'तीनशे सुगडं मावतील अशी मजबूत गाडी.'

गाडी झकास झाली. संक्रांतीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी कुंभारीण ती न्यायला आली, सोबत तिचं गाढव घेऊन. गाडी होती दोन बैलांची. गाढवाने जोर लावला, गाडी तसूभर हलली नाही. गावातले बैल तर पहाटेच बाजाराला गेलेले.

"हिच्याकडे बैल नाहीत?" कारकून चकित झाला.

"कधीच नव्हते," सुतार म्हणाला. "शेजारीच राहतो मी. या गाढवाच्या ओरडण्याने तर रोज जाग येते मला."

"मग बोलला का नाहीस?"

"चिठ्ठीत नव्हतं."

लोहाराने मान खाली घातली. त्यालाही ठाऊक होतं.

कुंभारणीने डोळ्यांना पदर लावला. मग तिघांनी सुगडांच्या टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि चार कोस चालले. सवय नव्हती, ठेचा लागल्या, बरीच सुगडं फुटली. पोहोचले तेव्हा बाजार उठत आला होता. म्हातारीचं वर्ष ओढगस्तीत गेलं.

तिच्यासाठी दुसरी गाडी करताना तिघेही तिच्या अंगणात जाऊन बसले. लोहाराने गाढवाची उंची मापली. सुतार म्हणाला, "तळाशी पेंढा हवा." कारकुनाने सगळं लिहून मोठ्याने वाचलं, आणि सगळ्यांनी हो म्हटल्यावरच चिठ्ठी खुंटीला लागली.

पुढच्या संक्रांतीला सुगडं भरलेली छोटी गाडी सुताराच्या दारावरून निघाली. गाढव नेहमीसारखं ओरडलं. या वेळी सुतार कूस न बदलता उठला आणि गावाबाहेरचा चढ संपेपर्यंत गाडीला हात लावायला गेला.

तात्पर्य: चिठ्ठी लिहिणारा हात एक असला, तरी ती पुरी करणं सगळ्यांचं काम. माहीत असून जो गप्प बसतो, त्याचाही चुकीत वाटा असतो.