कोतवालाचे घोडे

दरोडेखोर घोड्यांवरून यायचे, बाजार लुटायचे आणि पसार व्हायचे. मागे धाकोजी कोतवालाचे शिपाई पायी धावून धापा टाकायचे. शेवटी धाकोजीने भर दरबारात घोडे मागितले.

दिवाण मिशीला पीळ देत म्हणाले, "दरोडेखोरांना कुठलं सरकार घोडे देतं हो? तरी वाऱ्यासारखे पळतात! तुमच्या शिपायांतच दम नाही."

दरबार हसला. धाकोजीला ते झोंबलं, पण त्याने हात जोडले. "खरंय दिवाणसाहेब. ते कुणाकडे मागत नाहीत, दिसेल त्या तबेल्यातून घोडा सोडून नेतात. महाराजांनी आम्हालाही तेवढी मोकळीक द्यावी. सुरुवात तुमच्याच तबेल्यापासून करतो."

"दिली!" महाराज हसत म्हणाले.

दिवाणांच्या मिशीचा पीळच सुटला. "अहो, थांबा, थांबा! सरकारी घोडे किती पाठवू?"