मिरीआत्याची कुंची

शहर होतं मोठ्ठं.
शहराच्या पोटात होता बोगदा.
बोगद्यात होती मेट्रो.
मेट्रोत होता बाक.
आणि बाकाखाली होती मिरी.

मिरी म्हणजे उंदरी. एवढुश्शी! शेंगदाण्याएवढी.
आणि घाबरट तर किती! शिंक आली तरी दचकायची. स्वतःचीच शिंक!
"आक्छी! अगंबाई! कोण शिंकलं?"

आज मिरी निघाली होती दादाकडे. चिंचबाग स्टेशनात. एकच स्टेशन जायचं.
दादाच्या बाळाचं बारसं होतं.
बाळाची आत्या कोण? मिरी!
बाळाला कुंची घालणार कोण? आत्या!
बाळाच्या कानात नाव सांगणार कोण? आत्या!
आणि नाव सांगताना पाठीत धपाटे खाणार कोण? तेही आत्याच! बारशाची रीतच आहे तशी.

कुंची म्हणजे बाळाची टोपी. मिरीने स्वतः शिवलेली. लाल लाल. मागे झालर. चिंचोक्याएवढी.
मिरीने ती घट्ट धरली होती.
"कुंची आहे ना? आहे. नाव आठवतंय ना? सुवर्णलता. हं. कुंची आहे ना? आहे. नाव आठवतंय ना?"

झूऽऽम! गाडी पळाली.
झूऽऽम! बोगद्यातून पळाली.
घच्च! गाडी थांबली. मधेच! बोगद्यातच!

मिरी दचकली. "अगंबाई!"
हात सुटले. कुंची उडाली. भुर्रर्र!
आणि एक पिशवी कलंडली. धप्प! बसली कुंचीवरच.

मिरीने कुंची ओढली. येईना. पुन्हा ओढली. येईना.
आता काय करायचं? बाळ तिकडे वाट बघतंय!

मिरी म्हणाली,
"कुंची सुटेना,
कुंचीवाचून बारसं होईना!
पिशवीबाई, पिशवीबाई, हला ना!"

पिशवी म्हणाली, "मी कशी हलू? माझ्या पोटात कलिंगड आहे! बाकावरचे आजोबा उचलतील, तेव्हा हलेन."
"अगंबाई!"
मिरी निघाली. टुपुक टुपुक टुपुक. आजोबांच्या चपलेवर चढली.

"पिशवी हलेना,
कुंची सुटेना,
कुंचीवाचून बारसं होईना!
आजोबा, आजोबा, उठा ना!"

आजोबा म्हणाले, "मी कसा उठू, बाळा? मांडीवर गार्गी बसलीये. माझी नात. ती उतरेल, तेव्हा उठेन."
"अगंबाई!"
टुपुक टुपुक टुपुक. मिरी गुडघ्यावर चढली. तिथे होती गार्गी. दोन शेंड्या. खिडकीला चिकटलेलं नाक.

"आजोबा उठेनात,
पिशवी हलेना,
कुंची सुटेना,
कुंचीवाचून बारसं होईना!
गार्गी, गार्गी, उतर ना!"

गार्गी म्हणाली, "नाही जा! मला दिवे बघायचेत! खिडकी दिवे दाखवेल, तेव्हाच उतरेन. आधी नाही म्हणजे नाही!"
"अगंबाई!"
टुपुक टुपुक टुपुक. मिरी काचेपाशी गेली. बाहेर काळं काळं. आणि काळ्यात दोन डोळे!
"अगंबाई! कोण आहे?"
कोण असणार? काचेत मिरीच होती.

"गार्गी उतरेना,
आजोबा उठेनात,
पिशवी हलेना,
कुंची सुटेना,
कुंचीवाचून बारसं होईना!
खिडकीबाई, खिडकीबाई, दिवे दाखवा ना!"

खिडकी म्हणाली, "मी दिवे कुठून आणू? इथे नुसता बोगदा! दिवे स्टेशनात असतात. गाडी पळेल, तेव्हा दाखवेन."
"अगंबाई!"
मिरीने बाकाचा पाय धरला. खाली सरकली. सुर्रर्र! आणि गाडीच्या कानात ओरडली. गाडीचा कान कुठे असतो? मिरीलाही माहीत नव्हतं. म्हणून ती सगळीकडे ओरडली.

"खिडकी दिवे दाखवेना,
गार्गी उतरेना,
आजोबा उठेनात,
पिशवी हलेना,
कुंची सुटेना,
कुंचीवाचून बारसं होईना!
गाडी गं गाडी, पळ ना!"

गाडी म्हणाली, "घुर्रर्र! मी काय माझ्या मनाने पळते? पुढे चालकताई बसलीये. ती नेईल, तेव्हा पळेन."
"अगंबाई!"
मिरी पळाली. चपलांमधून, बुटांमधून, चाकांच्या बॅगांखालून. टुपुक टुपुक टुपुक. पुढच्या दाराखाली एक फट होती. मिरी आत शिरली.
आत होती चालकताई. निळा शर्ट, लांब वेणी. मिरी वेणीवरून वर चढली.

"गाडी पळेना,
खिडकी दिवे दाखवेना,
गार्गी उतरेना,
आजोबा उठेनात,
पिशवी हलेना,
कुंची सुटेना,
कुंचीवाचून बारसं होईना!
ताई, ताई, गाडी न्या ना!"

ताई म्हणाली, "कशी नेऊ, सांग? तो बघ समोर लाल दिवा. लाल म्हणजे थांबा. तो हिरवा होईल, तेव्हा नेईन."
"अगंबाई!"
ताईने छोटी काच सरकवली. मिरीने डोकं बाहेर काढलं. बोगद्यात गार गार वारा. मिशा थरथर. पण आत्या ना ती? मिरी ओरडली,

"ताई गाडी नेईना,
गाडी पळेना,
खिडकी दिवे दाखवेना,
गार्गी उतरेना,
आजोबा उठेनात,
पिशवी हलेना,
कुंची सुटेना,
कुंचीवाचून बारसं होईना!
दिवेभाऊ, दिवेभाऊ, हिरवे व्हा ना!"

दिवा म्हणाला, "मी कसा होऊ हिरवा? पुढे रुळावर उंदीर बसलेत! एक बाबा, एक आई, एक पाळणा आणि चौदा मावश्या! मी म्हटलं, उठा. तर म्हणतात, आत्या आल्याशिवाय उठणार नाही!"
"कोणाची आत्या?"
"बाळाची आत्या."
"कोणत्या बाळाची?"
"आज ज्याचं बारसं आहे, त्या बाळाची."
"अगंबाई!" मिरी म्हणाली. "अगंबाई, अगंबाई! ती तर मीच!"

मग मिरीने मोठ्ठा श्वास घेतला. शेंगदाण्याएवढ्या पोटात मावेल तेवढा. आणि ओरडली,
"दादाऽऽ! ए दादाऽऽ! ऊठ आधी! तुम्ही उठल्याशिवाय मी येणार कशी?"
लांबून दादा ओरडला, "आणि तू आल्याशिवाय आम्ही उठणार कसे?"
"अरे, मी गाडीत आहे! तुम्ही गाडीच्या वाटेत आहात!"
तेवढ्यात वहिनीचा आवाज आला. "अहो, उठा की! वन्सं किती ओरडतायत! तरी मी म्हणत होते, घरातच थांबू!"

उंदीर उठले! बाबा उठला, आई उठली, पाळणा उचलला, चौदा मावश्या पळाल्या. चुटुचुटु चुटुचुटु!

मग काय?
उंदीर उठले, दिवा झाला हिरवा!
दिवा झाला हिरवा, ताईने नेली गाडी!
ताईने नेली गाडी, गाडी पळाली झूऽऽम!
गाडी पळाली झूऽऽम, खिडकीने दाखवले दिवे! एक दिवा, दोन दिवे, दिवेच दिवे!
खिडकीने दाखवले दिवे, गार्गी उतरली. "आजोबा, स्टेशन आलं!"
गार्गी उतरली, आजोबा उठले. "हुश्श!"
आजोबा उठले, पिशवी हलली!
पिशवी हलली आणि...
कुंची सुटली!

मिरी बाकाकडे पळत आली. कुंची चपटी झाली होती. अगदी पापड! पण सुटली!
दारं उघडली. फुस्स!
मिरीने कुंची डोक्यावर घेतली. टुपुक टुपुक टुपुक.
दारं वाजली. टिंग! टिंग! आता मिटणार!
"अगंबाई!"
मिरीने उडी मारली. टुण्णकन!
आणि दारं मिटली. फुस्स!
शेपटी राहिली का आत? नाही, नाही. शेपटीही आली.

स्टेशनातल्या शेवटच्या बाकाखाली पाळणा टांगला. मिरीने कुंचीत फुंकर मारली. फू! पापडाची झाली पुरी! बाळाच्या डोक्यावर बसली, मानेवर झालर आली. काय गोड दिसत होतं बाळ!

"आता नाव सांगा, वन्सं," वहिनी म्हणाली.
मिरी वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं.
"कुर्रर्रर्र..."
चौदा मावश्या टपूनच बसल्या होत्या. त्यांना कुठला दम? मिरीने नाव सांगायच्या आतच पाठीत धपाटे! धप! धप! धप! धप!
मिरी दचकली. आणि बाळाच्या कानात ओरडली,
"अगंबाई!"


दादा बघतोय वहिनीकडे. वहिनी बघतेय मिरीकडे. आत्या कानात सांगेल, तेच नाव! ते काही बदलता येत नाही.
मिरीचे डोळे भरले. "मला सुवर्णलता म्हणायचं होतं गं..."
आणि बाळ हसलं. खुदुखुदु! पहिल्यांदाच हसलं! पाय झाडून झाडून हसलं!
"आवडलं की तिला!" वहिनी म्हणाली.
"अगंबाई!" दादा म्हणाला.
बाळाने लगेच मान वळवली. हाक ओळखली ना!

मग घुगऱ्या वाटल्या. पहिली वाटी कोणाला? आत्याला! शिगोशीग भरून.

तेव्हापासून चिंचबाग स्टेशनात रोज हाक येते,
"अगंबाईऽऽ, जेवायला ये गंऽऽ!"
आणि मिरी? ती रोज दचकते.

गाडी गेली बोगद्यात,
गोष्ट उतरली स्टेशनात!