लोखंडी पेटीतली विशेषणे

एका राज्यात राजा होता भित्रा, आणि त्याला शूर म्हणायचं काम होतं सुभानजी चोपदाराचं. राजा दरबारात शिरला की सुभानजी चांदीची काठी आपटी आणि ललकारी देई, "रणधुरंधर, परमप्रतापी!" चाळीस वर्षं हेच. तोंडानं सगळ्यांना थोर म्हणायचा. मनात मात्र कुणावर काडीचा भरवसा नव्हता. पाणीसुद्धा हुंगून पिई.

एके दिवशी समुद्रापलीकडचा जादूगार दरबारी आला. सुभानजीनं सवयीनं काठी आपटली. "दयासागर, सत्यवचनी, येत आहेत हो!"

जादूगार थबकला. "मला पूर्वी कधी पाहिलंस?"

"नाही."

"मग दयाळू कशावरून?"

सुभानजीनं काठी हळूच पाठीमागे घेतली.

"न बघता विशेषणं उधळतोस. आता एकही उरणार नाही."

त्यानं राज्यातली सारी विशेषणं लोखंडी पेटीत कोंबली. मिरची राहिली, पण तिखट नव्हती. दूध राहिलं, पण पांढरं नव्हतं. सुभानजीची एकुलती लेक चिमा, तिची झाली साळुंकी. "माझ्या गुहेत ये आणि तिला ओळख. तिथे विशेषण लावायचं ते इंग्रजीत. चुकलास, तर त्या पाखराचा दगड होईल." एवढं बोलून तो पेटी आणि पाखरू घेऊन गेला.

सुभानजी निघाला. वाटेत एक पोपट खांद्यावर बसला. "मी शिकवतो इंग्रजी."

"फुकट? तुझा डाव काय?"

"माझ्या चोचीचा लाल रंग त्याच पेटीत आहे."

"हं. एवढं पटतं. बोल."

"वस्तू कशी ते सांगणारी विशेषणं पहिली. गुड, बॅड, हॉट, कोल्ड. किती ते सांगणारी दुसरी. वन, मेनी, नो. कोणती ते दाखवणारी तिसरी. धिस जवळची, दॅट लांबची. राजापुढे चोपदार चालतो ना, तशी ही नामापुढे चालतात."

"एवढं कळतं मला," सुभानजी खेकसला. पण वाटभर घोकत राहिला.

गुहेला तीन दारं. पहिल्यापाशी पाण्याचं घंगाळ. वाफ नाही, बुडबुडा नाही. दार म्हणालं, "हे पाणी कसं?"

"कोल्ड दिसतंय," पोपट कुजबुजला.

"दिसतंय ना? मग नक्कीच नाही." सुभानजीनं करंगळी बुडवली आणि बोंबलला, "हॉट वॉटर!" दार उघडलं.

दुसऱ्यापाशी सोन्याची रास, छताला टेकलेली. "इथे सोनं किती?"

"मेनी... नाही, मच!" पोपटाचे डोळे विस्फारले.

सुभानजीनं काठीच्या टोकानं रास खरवडली. वर्ख निघाला, खाली गारगोट्या. "नो गोल्ड!" दार उघडलं.

तिसऱ्याआड फांदीवर तीन साळुंक्या, एकीसारखी दुसरी. मागून जादूगाराचा आवाज आला. "यांतली तुझी कोणती? आणि कशी?"

लेकीला बघून म्हाताऱ्याचा ऊर भरून आला, आणि तिथेच घोटाळा झाला. चाळीस वर्षांची सवय. काठी आपटली आणि ललकारी सुटली. पोपट शब्द पुरवी, हा गर्जे, "ब्यूटिफुल! जंटल! ओबीडियंट!"

दर शब्दाला तिन्ही पाखरं नखांपासून वर वर दगड होत चालली. पोटापर्यंत दगड आला तेव्हा सुभानजीनं ललकारी आवरली. हे तो कुणाला म्हणत होता? चिमा आणि आज्ञाधारक? तिला सकाळी उठवायचं तर तीन हाका, आणि वर तीच बापावर डाफरायची.

त्यानं काठी खाली ठेवली. "राघू, हट्टीला काय म्हणतात?"

"स्टबर्न."

"उद्धटाला?"

"रूड."

"स्टबर्न!" तो ओरडला. "रूड! लेझी!"

दोन पाखरं तशीच गोजिरवाणी बसून राहिली. मधली फुलली, फडफडली, दगडाचे टवके उडवत सुटली आणि बापाच्या नाकावर कडाडून चावली.

"धिस!" नाक धरून सुभानजी रडत हसला. "धिस रूड गर्ल!"

पेटीचं झाकण उडालं. फांदीवर त्या दोन पाखरांच्या जागी उरली दोन वाळकी पानं. समोर चिमा उभी, कमरेवर हात. "परक्या माणसासमोर असं बोलतात का, बाबा?"

जादूगारानं मान लववली. "ऑनेस्ट मॅन," तो म्हणाला, आणि धूर होऊन गेला. धूर पुरता विरेपर्यंत सुभानजीनं त्याच्याकडे पाठ केली नाही.

राज्यात मिरची तिखट झाली, दूध पांढरं झालं, पोपटाची चोच लाल झाली. चिमा मात्र तीन दिवस बापाशी बोलली नाही. तेव्हा कुठे सुभानजीची खात्री पटली, की घरी आणली ती आपलीच पोर.