फणसाला न शिवलेली वासरे

घाटाच्या उतारावरच्या एका दाट जंगलात गव्यांचा एक कळप राहत असे. दर उन्हाळ्यात त्याचा रानडुकरांशी फणसाचा सामना होई. दोन्हीकडून सात-सात गडी. शिंगांत किंवा सुळ्यांत फणस अडकवून, समोरच्यांना रेटत, तो त्यांच्या पाठीमागच्या आंब्याच्या झाडापर्यंत न्यायचा. फणस पुढे फेकायचा नाही. द्यायचा तो मागून येणाऱ्यालाच, असा नियम. जिंकेल त्याला पाऊस पडेपर्यंत जंगलातला पाण्याचा डोह, आणि हरेल त्याने डोंगरापलीकडचा आटलेला ओढा चाटायचा. गवे आजवर एकदाही हरले नव्हते.

कळपाच्या म्होरक्याला आपल्या एका रीतीचा फार अभिमान होता. वासरांनी फणसाला शिवायचे नाही! त्यांनी कडेला रांगेत उभे राहून हंबरायचे, मोठ्यांची वाहवा करायची. एकदा त्याची बहीण म्हणाली, "दादा, पोरांना निदान फणसाची एखादी कोवळी कुयरी तरी दे रे खेळायला. त्या रानडुकरांची पिल्लं बघ, दिवसभर कुयरीमागे लोळत असतात."

"म्हणूनच ती डुकरं आहेत!" म्होरक्या म्हणाला, आणि सगळे गवे फुरफुरत हसले.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात सामन्याला उभे राहिल्यावर म्होरक्याने सहज मागे पाहिले. एक गडी लंगडत होता. एकाला डाव्या डोळ्याने दिसत नव्हते. दोघे तर हिवाळ्यातच गेले होते. त्यांच्या जागी कडेला हंबरणाऱ्यांतले दोन तरणेबांड गवे उभे केलेले, त्यांतला एक त्याचाच भाचा. हे सगळे झाले कधी? समोर मात्र कुयरीमागे लोळणारी ती पिल्ले आता मानेचे केस फुलवून उभी होती.

सामना सुरू झाला. म्होरक्या जिवाच्या आकांताने रेटत आंब्यापासून चार पावलांवर पोचला. तेवढ्यात तीन डुकरे त्याच्या पायांत घुसली. कोसळता कोसळता त्याने मान झटकून फणस मागे टाकला. "घे रे, भाच्या!"

भाच्याने फणस येताना पाहिला. तो अदबीने बाजूला सरला, मान उंच केली आणि सारे रान दणाणेल असा हंबरला, "वा मामा, वा!"

फणस धप्पकन खाली पडला. एका डुकराने तो उचलला आणि थेट दुसऱ्या टोकाच्या आंब्याखाली नेऊन ठेवला. डोह गेला.

"अरे, धरला का नाहीस?" म्होरक्या धापा टाकत ओरडला.

"फणसाला शिवायचं नाही ना, मामा!" भाचा गोंधळून गेला होता. "मी हंबरलो ते चुकलं का?"



भर उन्हात कळप डोंगराकडे निघाला. वाटेत म्होरक्या एका फणसाच्या झाडाखाली थांबला. शिंगाने त्याने एक कुयरी पाडली आणि सर्वांत धाकट्या वासरासमोर ढकलली. वासरू घाबरून मागे सरले आणि सवयीने कडेला जाऊन रांगेत उभे राहिले.

"शीव," म्होरक्या म्हणाला. त्याने कुयरी पुन्हा पुढे ढकलली. "शीव ना रे बाळा."

तात्पर्य : ज्यांना लहानपणी खेळाबाहेर बसवले, त्यांनी मोठेपणी संघ सावरावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? संघ टिकवायचा असेल तर लहानांच्या हाती खेळ आजच द्या.