खालून आलेली हाक

त्या तळ्यावर हाकेची किंमत ती कुठून आली यावर ठरत असे. काठाच्या एका टोकाला माथ्याचा खडक होता. तिथून हाक आली की बदकं, शेकाटे, पाणकोंबड्या सगळे एका झपाट्यात उडत, मग डोळ्यांना काही दिसो वा न दिसो. इतर कुठून कुणी ओरडलं तर ती नुसती ओरड. माथ्यावरच्या पहारेकऱ्याने ती ऐकून आपल्या गळ्याने पुन्हा दिली, तरच तिची हाक होई. याला ते हाक उचलणं म्हणत. रीत जुनी होती आणि तशी शहाणपणाचीही होती. नाहीतर पान हललं तरी तळं रिकामं झालं असतं.

माथ्याच्या खडकावर टिटवी होती. तिथवर ती कुणाच्या मेहेरबानीने पोचली नव्हती. खालच्या दगडांवर तिने उन्हाळे-पावसाळे काढले होते, तेव्हा कुठे वर चढली होती. आवाज कर्कश, हे सगळ्यांनाच मान्य. पण त्याच आवाजाच्या भरवशावर बदकं मान पंखात खुपसून झोपत. टिटवीला तो खडक फार आवडे. खोटं कशाला बोला, आपल्या एका हाकेसरशी अख्खं तळं उठतं याचा तिला अभिमानही होता.

मग तिची अंडी घालायची वेळ आली. तळ्याचा कारभार करकोच्याकडे होता. हा गृहस्थ एका पायावर उभा राहून इतकं गोड बोले, की ऐकणाऱ्याला दुसऱ्या पायाची आठवणच राहत नसे. "आमच्याकडे अंड्यांना मान आहे," असं तो पाहुण्या पक्ष्यांना आवर्जून सांगे, आणि खरोखरच तशी रीत होती. उबवणारीला पिल्लं चालती-फिरती होईपर्यंत पहाऱ्यातून मोकळीक मिळे.

"निश्चिंत जा बाई," करकोचा म्हणाला. "खडक काय कुठे पळून जातोय?"

टिटवीच्या जागी एका तरुण माळटिटवीला उभं केलं. पोर कोरड्या माळावरून आलेली, होतकरू, थोडी भित्री. टिटवीनेच तिला तयार केलं होतं. जाताना ती म्हणाली, "पाय घट्ट रोव आणि कुणाच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. दिसलं की ओरडायचं." माळटिटवी म्हणाली, "हो ताई."

पिल्लं झाली, तुरुतुरु चालायला लागली, आणि ठरल्याप्रमाणे टिटवी परतली. करकोच्याने तोंडभर कौतुक केलं, पिल्लांची विचारपूस केली. मग म्हणाला, "तुझ्या सोयीचाच विचार केलाय आम्ही. तू आता पिछाडीचा पहारा सांभाळ."

तळ्याच्या मागे एक कोरडा खड्डा होता. पूर्वी कधीतरी तिथे पाणी साचत असेल. आता नुसता भेगाळलेला चिखल होता. तिथे आजवर पहारा नव्हताच. 'पिछाडी' हे भारदस्त नावही बहुधा त्याच सकाळी सुचलं असावं.

"पण मला खडक जड होत नाहीये," टिटवी म्हणाली.

"तू म्हणणार नाहीसच. म्हणून तर आम्हाला विचार करावा लागतो."

भांडणाऱ्याशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी कसं भांडायचं, हे टिटवीला कुणी शिकवलं नव्हतं. ती खड्ड्याकडे गेली, पण आतून तिचा नुसता संताप संताप झाला होता.

गंमत अशी की तिचा टिटवाही तळ्याच्याच चाकरीत होता, आणि तीच पिल्लं त्याचीही होती. त्याला करकोच्याने ओल्या काठाची चांगली जागा दिली. म्हणाला, बापमाणूस आहे, जबाबदारी वाढली. टिटव्याने घरी येऊन हे खुशीत सांगितलं आणि बायकोचा चेहरा बघून निम्म्यावरच थांबला.

"तुला विचारलं का कुणी, पिल्लांमुळे जड होतंय का म्हणून?" तिने विचारलं.

"थोडे दिवस धीर धर," तो चिखलात चोच घालत म्हणाला. "उगाच वाकड्यात कशाला शिरायचं?"

पहारा सोडून द्यावा, असं तिच्या मनात अनेकदा आलं. पण पहारा सोडणाऱ्याच्या पिल्लांना ओल्या काठावर चरू देत नसत. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. त्यांना घेऊन जाणार कुठे?

दिवस जात राहिले. पहारेकऱ्यांची बैठक पूर्वी सकाळी भरे, ती आता तिन्हीसांजेला भरू लागली. नेमकी तेव्हाच पिल्लं पंखाखाली घ्यायची वेळ. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, असं सगळेच म्हणत. टिटवी पिल्लांना गवतात दडवून धावतपळत पोचे, तोवर बोलणी आटोपत आलेली असत. पाणकोंबड्या एकमेकींकडे बघत आणि मग फार आपुलकीने विचारत, "दमलीस ना गं?" ती दमलेली असेही. पण हो म्हटलं की खड्डा पक्का होणार, म्हणून ती नाही म्हणे.

एके दुपारी खड्ड्याच्या पलीकडचं गवत हललं. टिटवीने खोकड पाहिलं. ती गळा फाडून ओरडली. माथ्यावरून काहीच आलं नाही. ती पुन्हा ओरडली, वर उडाली, खोकडाच्या डोक्यावर झेपावली. तळ्यावरचं एकही बदक जागचं हललं नाही. खालची ओरड कोण मनावर घेतो? वर खडकावर माळटिटवी उभी होती. तिला ओरड स्पष्ट ऐकू आली होती. पण ती करकोच्याकडे बघत होती, कारण करकोच्याने सांगून ठेवलं होतं, की पिछाडीची हाक आधी मला विचारल्याशिवाय उचलायची नाही. टिटवी नवी आई आहे, सावलीलाही दचकते, असं त्याचं म्हणणं. करकोचा त्या वेळी एका बेडकाच्या मागे होता. बेडूक गिळून त्याने होकाराची मान हलवली, तोवर खोकड एका बदकाला घेऊन गवतात शिरलं होतं.

तिन्हीसांजेला बैठक भरली.

"पिछाडीवरून हाक नीट आली नाही," करकोचा दुःखाने म्हणाला.

"खोकड खड्ड्याच्या पलीकडे होतं तेव्हाच मी ओरडले."

"असशील. पण हाक कुठे झाली ती?"

टिटवीने माळटिटवीकडे पाहिलं. हिने ऐकलंय, ही सांगेल, अशी तिची खात्री होती. माळटिटवी स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. मग करकोच्याने निर्णय सांगितला. यात टिटवीचा दोष नाही, या काळात मन थाऱ्यावर नसतंच. तेव्हा तिच्यावर जास्त भार न टाकता तिला पिछाडीवरच राहू द्यावं. सगळ्यांना तो निर्णय फार उदार वाटला.

बैठक उठल्यावर माळटिटवी तिच्या मागोमाग आली.

"ताई, मी बोलले असते तर मीही खाली आले असते."

"आली असतीस," टिटवी म्हणाली. तिला त्या क्षणी तिच्या डोक्यात टोच मारावीशी वाटत होती. पण ती वळली आणि गवतात दडवलेल्या पिल्लांकडे निघून गेली.

यथावकाश पिल्लं उडाली. टिटवीच्या जिवात जीव आला. दुसऱ्याच दिवशी ती करकोच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पिल्लं उडून गेली. आता माझा खडक मला द्या."

करकोचा अगदी हळुवारपणे म्हणाला, "आणि पुन्हा अंडी झाली तर?"

तिने दुसऱ्या तळ्यांवर विचारून पाहिलं. सगळीकडे पहिला प्रश्न एकच होता: शेवटचा पहारा कुठे केलास? कोरड्या खड्ड्यावर, असं सांगितलं की समोरचा समजुतीने मान डोलवी आणि बोलणं हवापाण्याकडे वळवी. टिटवी परत आली. खड्ड्यात उभी राहू लागली. ती अजूनही दिसेल ते ओरडून सांगे. घार दिसली, साप दिसला, कुत्रं दिसलं, की ओरडे. वरून कधी एखादी हाक उचलली जाई, बहुतेक वेळा नाही. तळ्यावर तिच्या ओरडण्याची चेष्टा सुरू झाली. तीही तिच्या कानावर येई आणि रात्रभर सलत राही.

पुढच्या ऋतूत तिला एक गोष्ट दिसली, जी तळ्यावर दुसऱ्या कुणालाच दिसली नव्हती. माळटिटवी पहारा संपला की काठावर येऊन गोगलगायींच्या शंखांचे तुकडे टिपून खात होती. अंड्याचं कवच पक्कं व्हावं म्हणून ते खातात, हे अंडी घातलेल्या पक्षिणीला सांगावं लागत नाही. टिटवी सगळा राग विसरली. तिला मनापासून आनंद झाला. आता ही मोकळीक मागेल, म्हणून ती वाट पाहू लागली. काठावरच्या गवतात एक चांगली जागाही तिने पोरीसाठी हेरून ठेवली. माळटिटवीने मोकळीक मागितली नाही. ती रोज खडकावर येत होती, सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यांच्या नंतर उतरत होती.

एका संध्याकाळी टिटवी खड्ड्याच्या कडेवर चढून उभी होती. समोर तळं होतं, पलीकडे माथ्याचा खडक. माळटिटवी ताठ उभी होती, छाती पुढे, नजर पलीकडच्या काठावर. तिच्या अंगातून एक बारीक शहारा गेला. मग तिच्या दोन पायांच्या मधून काहीतरी मातकट, ठिपक्याठिपक्यांचं निसटलं, खडकाच्या उतारावरून गडगडत गेलं आणि पाण्यात पडलं. माळटिटवीने मान खाली केली नाही.

टिटवीच्या गळ्याशी हाक आली. तेवढ्यात माळटिटवीने तळ्यावरून थेट तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, किंचित, नको म्हणून. टिटवीने ती हाक गिळली.

खाली उथळ पाण्यात करकोचा एका पायावर उभा होता. "आज खालून एकदाही ओरड नाही," तो शेजारच्या पाणकोंबडीला समाधानाने म्हणाला. "रुळली म्हणायची बाई." खडकापासून निघालेले गोल तरंग पसरत पसरत त्याच्यापर्यंत आले आणि त्याच्या पायाला लागले. त्याने तो पाय वर घेतला आणि दुसरा खाली ठेवला.